मलय लग्नाची तयारी एका छताखाली: सिंगापूरच्या जू चियात कॉम्प्लेक्सचं परीक्षण

सिंगापूरमध्ये काही वर्षं राहिलं, की ऑफिसातल्या किंवा शेजारच्या मलय मित्राच्या लग्नाचं आमंत्रण आज ना उद्या येतंच. त्यात एक बाजू मलय आणि दुसरी भारतीय, चिनी किंवा युरोपीय असेल तर मराठी पाहुण्याचा गोंधळ दुप्पट होतो. काय घालायचं, डोकं झाकायचं का, पाकिटात किती घालायचे, शाकाहारी माणसानं काय खायचं, असे प्रश्न पडतात. यातल्या बहुतेकांची सोय जू चियात कॉम्प्लेक्स आणि त्याच्या समोरचं गेलांग सेराई मार्केट एका दुपारीत करून देतं. कापड आणि पुरुषांचे कपडे यांसाठी हे ठिकाण शहरात अव्वल आहे. बायकांच्या तयार कपड्यांसाठी ते चांगलं आहे, पण डोळे उघडे ठेवून घ्यावं लागतं. घाईच्या शिलाईसाठी मात्र इथे मुळीच जाऊ नये.

पाया लेबार मेट्रो स्टेशनवरून चालत साधारण १० मिनिटं लागतात. वरती एचडीबीची, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाची घरं आणि खालच्या मजल्यांवर दुकानं, असं हे जुन्या धाटणीचं संकुल आहे. तळमजल्यावर कापडाचे तागे, पडदे, गालिचे आणि तयार कपडे, तर वरच्या मजल्यांवर शिंपी, लग्नाचं सामान आणि आणखी कापड. दुकानं सकाळी उशिरा उघडतात. अकराच्या आत गेलात तर अर्धी शटरं खालीच दिसतील. शनिवार-रविवारची दुपार टाळा, कारण लग्नघरातले लोक दहा-दहा मीटर कापड एकाच रंगात शोधत असतात आणि एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाकडे बघायला कुणाला वेळ नसतो. मंगळवार-बुधवारी दुकानदार तागे उलगडून दाखवतात, मापाबद्दल बोलतात, दोन डॉलर कमीही करतात.

खरेदीला निघण्यापूर्वी आमंत्रण नीट वाचा. मलय लग्नाचे दोन भाग असतात. पहिला निकाह, म्हणजे ‘आकाद निकाह’. तो मशिदीत, घरी किंवा एखाद्या सभागृहात होतो. काझी, वधूचा वली (म्हणजे तिचा पालक, बहुधा वडील) आणि दोन मुस्लिम पुरुष साक्षीदारांसमोर वर कबुली देतो आणि मेहेर, म्हणजे वरानं वधूला द्यायची रक्कम किंवा भेट (मलयमध्ये ‘मास काहविन’), जाहीर होतो. सिंगापूरमध्ये मुस्लिम विवाह नोंदणी कार्यालयात लग्न लावायचं तर दोघंही मुस्लिम असावे लागतात. त्यामुळे मिश्र जोडप्यात एकानं आधी धर्म स्वीकारलेला असतो. नवमुस्लिमांची संस्था, दारुल अर्कम, याच परिसरात ओनान रोडवर आहे. वधू नवमुस्लिम असेल आणि तिचे वडील मुस्लिम नसतील तर वलीची भूमिका काझी बजावतो. मित्र म्हणून आपल्याला साक्षीदार होता येत नाही, शांतपणे बसून बघायचं असतं. दुसरा भाग ‘बरसांडिंग’. नवरा-नवरी सजवलेल्या मंचावर, म्हणजे ‘पलामिन’वर बसतात आणि शेकडो पाहुणे येऊन जेवून जातात. हा समारंभ एचडीबी इमारतीच्या तळातल्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकमध्ये, नाहीतर सभागृहात किंवा हॉटेलात होतो.

फक्त बरसांडिंगचं बोलावणं असेल तर आपली साडी किंवा पंजाबी ड्रेस अगदी चालतो. ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत, पाठ झाकलेली, पोट उघडं न टाकता पदर घेतलेला, एवढं सांभाळलं की झालं. निकाहचंही बोलावणं असेल तर मनगटापर्यंत बाही, घोट्यापर्यंत कपडा आणि डोक्यावर ओढणी हवी. जमिनीवर बसायचं असतं, म्हणून घट्ट कपडा नको. निकाहला नवरा-नवरी बहुतेक पांढऱ्या किंवा मोतिया रंगात असतात, तेव्हा पाहुण्यांनी नखशिखांत पांढरं टाळावं. आमंत्रणात रंग सांगितला असेल तर तो पाळायचाच. मलय लग्नात कुटुंब आणि मित्रांचे गट ठरवून एका रंगात येतात. तुम्ही त्या रंगात गेलात तर यजमान खरोखर सुखावतात, आणि या संकुलाचा खरा उपयोग इथेच आहे. एकाच हिरव्याच्या पंधरा छटा एका फेरीत दिसतात. आमंत्रणाचा फोटो फोनवर घेऊन जा, पण रंग दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ठरवू नका. तागा दाराशी आणून उजेडात बघू द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

आता ‘बाजू कुरुंग’, म्हणजे मलय बायकांचा पारंपरिक पोशाख. गुडघ्यापर्यंतचा सैल, डोक्यावरून घालायचा झगा आणि खाली पायघोळ स्कर्ट, असा हा जोड. स्कर्टच्या एका बाजूला निऱ्या असतात. तयार जोड घेताना बहुतेकजणी फक्त छातीचं माप बघतात आणि तिथेच चुकतात. पारंपरिक बाजू कुरुंगमध्ये काखेखाली एक छोटा चौकोनी तुकडा जोडलेला असतो, त्याला ‘केकेक’ म्हणतात. दोन्ही कुशींना खाली रुंद होत जाणाऱ्या कळ्या असतात, त्या ‘पेसाक’. केकेकमुळे हात वर उचलता येतो, पेसाकमुळे बसताना कपडा ओढला जात नाही. स्वस्त ‘आधुनिक’ तयार जोडांत या दोन्ही गोष्टी गाळून कपडा अंगाबरोबर कापतात आणि मागे चेन लावतात. उभं राहून आरशात तो छान दिसतो. मशिदीच्या गालिच्यावर पाय दुमडून तासभर बसलात, की काखेची नाहीतर मांडीजवळची शिवण उसवते. म्हणून कपडा उलटा करून काखेत बोट घालून बघा. तुकडा सापडला तर घ्या. नसेल तर निदान एक माप मोठं घ्या.

गळ्यापाशी पुढे छोटी चीर असते आणि कडेनं बारीक, उठावदार हातटाके असतात. चांगल्या कामात ते एकसारख्या अंतरावर आणि घट्ट दिसतात. यंत्रकामात धागा सैल सुटलेला असतो. ही चीर ब्रोचनं, म्हणजे ‘करोंगसांग’नं बंद करायची असते आणि ब्रोच जोडासोबत मिळत नाही. तो तिथेच गल्ल्याजवळ वेगळा विकत मिळतो, तेव्हा कपड्यासोबतच घेऊन टाका. स्कर्टची उंची अनवाणी मोजू नका. लग्नाला घालायची चप्पल पायात घालून मोजा.

दर साधारण असे: साधा छापील पॉलिस्टरचा तयार जोड ४० ते ७० सिंगापूर डॉलर, लेस किंवा मणीकाम आलं की १०० च्या पुढे. जास्त पैसे मोजायचेच असतील तर ते मण्यांवर नको, कापडावर घाला. व्हॉइड डेकला भिंती नसतात, वातानुकूलन नसतं, फक्त मोठे पंखे असतात. दुपारी तिथे पारा तिशीच्या वर आणि हवा ओली. सॅटिनवर घामाचे डाग ठळक दिसतात, जाड क्रेप अंगाला चिकटतं, शिफॉनला अस्तर लागतं आणि अस्तर बहुधा सगळ्यात निकृष्ट पॉलिस्टरचं असतं. सुती किंवा व्हिस्कोस घ्या. हॉटेलातलं लग्न असेल तर सॅटिन, लेस, काहीही शोभतं.

शिवून घ्यायचं असेल तर हिशेब सोपा आहे. ४५ इंची पन्ह्याचं ४ मीटर कापड एका पूर्ण जोडाला लागतं आणि बरीच दुकानं ४ मीटरचे तुकडे कापूनच ठेवतात. उंची साडेपाच फुटांच्या वर असेल किंवा शरीर भरलेलं असेल तर साडेचार मीटर मागा, नाहीतर शिंपी पेसाक अरुंद करून वेळ मारून नेतो. किनार असलेल्या किंवा मोठी फुलं असलेल्या छपाईला अर्धा मीटर जास्तच लागतं, कारण नक्षी शिवणीवर जुळवावी लागते. शिलाई बऱ्याचदा कापडापेक्षा महाग पडते, तेव्हा भाव कापड घेण्यापूर्वी विचारा. एरवी तीन-चार आठवडे धरा. हरी राया, म्हणजे रमजान ईदच्या आधीचे दोन-तीन महिने शिंपी नवं काम घेतच नाहीत, आणि घेतलंच तर ते शेवटच्या दिवशी धावपळीत उरकलेलं असतं. रमजानमध्ये लग्नं जवळजवळ होत नाहीत आणि ईद उलटताच त्यांची रांग लागते. याचा अर्थ असा, की ज्या आठवड्यांत तुम्हाला शिंपी हवा असतो नेमका तेव्हाच तो मिळत नाही. जून आणि डिसेंबरच्या शाळेच्या सुट्ट्यांतही तीच गत. अशा वेळी तयार जोड घेऊन फक्त बाही आणि उंची कमी करून घेणं शहाणपणाचं.

पुरुषांचं काम इथे फार सोपं होतं. साधा मार्ग म्हणजे लांब बाहीचा बाटिक शर्ट आणि काळी पॅन्ट. मलय लग्नात हा पूर्ण सन्मानाचा पोशाख आहे आणि पुढे ऑफिसातही वापरता येतो. शर्ट घेताना कापडाची उलटी बाजू बघा. मेण लावून रंगवलेल्या बाटिकचा रंग दोन्हीकडे जवळजवळ सारखा उतरतो, नुसती छपाई असेल तर मागची बाजू फिकी दिसते. छापील शर्टात वाईट काही नाही, पण त्याला हातकामाचा भाव देऊ नये. खिशाची नक्षी शर्टाच्या नक्षीशी जुळलेली असेल तर शिवण चांगल्या हाताची, एवढं लक्षात ठेवा.

पूर्ण ‘बाजू मलायू’, म्हणजे मलय पुरुषांचा पारंपरिक पोशाख घ्यायचा तर वरचा अंगरखा आणि त्याच कापडाची पॅन्ट असा जोड मिळतो. उभ्या कॉलरचा तो ‘चेकाक मुसांग’, बिनकॉलरचा गोल गळ्याचा ‘तलुक बलांगा’. चेकाक मुसांगला पाच बटणं लागतात. ती कपड्याला शिवलेली नसतात, साखळीनं जोडलेला संच वेगळा घ्यावा लागतो. घरी येऊन लग्नाच्या सकाळी हे लक्षात आलं तर सेफ्टी पिनांशिवाय उपाय नाही. कमरेला गुंडाळायचं वस्त्र म्हणजे ‘साम्पिंग’. चेकाक मुसांगवर ते अंगरख्याच्या वरून गुंडाळतात, तलुक बलांगाला अंगरख्याच्या आतून. लांबी गुडघ्याच्या जरा वर किंवा गुडघ्यापर्यंत असावी. इलॅस्टिक लावलेलं शिवलेलं साम्पिंग मिळतं, नवख्या माणसानं तेच घ्यावं. काळी ‘सोंगकोक’ टोपी पाहुण्याला आवश्यक नाही आणि बिगरमुस्लिम पाहुण्याकडून तिची अपेक्षाही नसते.

आणि इथेच सोंगकेतचा मोह होतो. जरीच्या धाग्यांनी विणलेलं हे वस्त्र मलय द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, तेरेंगानू आणि केलांतान भागांत, हातमागावर विणलं जातं. मलेशियाच्या सोंगकेतची २०२१ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. संकुलात ‘सोंगकेत’ म्हणून टांगलेलं बरंचसं कापड मात्र यंत्रावरचं असतं. पाहुणा म्हणून तेच पुरेसं आहे. अस्सल हातमागाचं साम्पिंग घेण्याइतकी हौस असेल तर उलट्या बाजूला जरीचे धागे एका नक्षीकडून दुसरीकडे जाताना दिसतात का ते पाहा, आणि ते कधीही थेट इस्त्रीखाली घालू नका. आपल्या पैठणीसारखीच त्याचीही जर घडीवर तुटते. ते गुंडाळून ठेवायचं, धुवायचं नाही, ड्राय क्लीन करायचं.

बारीकसारीक गोष्टींसाठी गल्ल्याजवळचे खण बघा. ओढणी सुती किंवा व्हॉइलची घ्या. रेशमी किंवा सॅटिनची डोक्यावरून सारखी घसरते आणि निकाहभर तुमचा एक हात तिच्यातच अडकतो. डोक्याला घट्ट बसणारी आतली टोपी घेतलीत तर ती अजिबात हलत नाही. पाकिटं इथे पुडक्यानं मिळतात. हिरव्या रंगाची चालतात, साधं पांढरंही चालतं. चिनी लग्नाचं लाल पाकीट वापरू नका. नाव बाहेर लिहा. देण्याची रीत अशी: निघताना नवऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या आईवडिलांशी हात मिळवतानाच घडी घातलेलं पाकीट उजव्या हातानं द्यायचं, किंवा दाराशी पेटी असेल तर तीत टाकायचं. पुरुषानं स्त्रीपुढे आणि स्त्रीनं पुरुषापुढे आपण होऊन हात करू नये. छातीशी हात नेऊन मान झुकवली की पुरे. समोरून हात आला तरच मिळवावा.

किती द्यायचे? मलय लग्नात चिनी मेजवानीसारखा टेबलाचा हिशेब नसतो आणि आकड्यावरून कुणी तुम्हाला मोजत नाही. व्हॉइड डेकच्या लग्नात माणशी २० ते ५० डॉलर, जवळच्या मित्राला किंवा हॉटेलात त्याहून जास्त, असं धरून चालायला हरकत नाही. एक डॉलर वाढवून ५१ करण्याची आपली सवय तिथे कुणाला कळणार नाही, पण खटकणारही नाही. मिश्र लग्नात चिनी सासर असेल आणि त्यांची मेजवानी वेगळी असेल तर तिथला दर वेगळा, आणि तिथे चारचा आकडा टाळायचा.

कपडे झाले, की रस्ता ओलांडून गेलांग सेराई मार्केटच्या वरच्या मजल्यावर जा. तिथे जेवणाचे स्टॉल आहेत आणि थोडी कपड्यांची दुकानंही. इथे जेवणं म्हणजे लग्नाच्या ताटाची रंगीत तालीम, आणि शाकाहारी माणसानं ती जरूर करावी. लग्नात साधारणपणे नासी मिन्याक म्हणजे तुपातला भात किंवा बिर्याणी, बीफ रेन्दांग, ‘आयाम मासाक मेराह’ ही लाल तिखट रश्शातली कोंबडी, दालचा, आचार, पापड आणि गुलाबी सरबत असतं. फसवणारे पदार्थ पुढचे. दालचा दिसायला आपल्या वांगं-बटाट्याच्या डाळीसारखा, पण बहुतेक वेळा मटणाच्या हाडांवर शिजवलेला. सायूर लोदेह ही नारळाच्या दुधातली भाजी, तिच्यात सुकी कोळंबी. सांबाल गोरेंगमध्ये टोफू आणि टेम्पेबरोबर (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) मांस, काळीज किंवा कोळंबी. बेगेदिल हे बटाट्याचं कटलेट, अंड्यात बुडवलेलं आणि बऱ्याचदा खिमा घातलेलं. सांबाल या मिरचीच्या चटणीमध्ये बलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, जवळजवळ नेहमीच. आचारातही तो असू शकतो. पाटीवर ‘डागिंग’ दिसलं की ते बीफ समजा, ‘काम्बिंग’ म्हणजे बोकड, ‘आयाम’ कोंबडी, ‘इकान’ मासा, ‘उडांग’ कोळंबी. बीफ खात नसाल तर एवढे पाच शब्द पाठ असू द्या.

खात्रीनं खाता येईल असं थोडंच उरतं: पापड, अननसाचा गोड-आंबट ‘पाचरी’ (विचारून), आगर-आगरच्या वड्या आणि ओंदे-ओंदे, म्हणजे आत ताडगूळ भरलेल्या, वरून ओलं खोबरं लावलेल्या हिरव्या गोळ्या. गुलाबाचं सिरप आणि दूध घातलेलं बांडुंग सरबतही निर्धास्त प्या. म्हणून येणार असल्याचं कळवतानाच यजमानाला शाकाहाराबद्दल सांगा. केटरर वेगळं पार्सल ठेवतात आणि भारतीय नातेवाईक येणार असतील तर अनेकदा वेगळं टेबलच असतं. ऐन वेळी सांगितलं तर यजमानाच्या जिवाला घोर लागतो. पाहुणा उपाशी जाणं मलय घरात फार लागतं. घरून डबा किंवा मिठाई नेऊन जेवणाच्या जागी उघडू नका. सगळी भांडी आणि अन्न हलाल ठेवलेलं असतं, त्यात बाहेरचं मिसळलं तर त्यांची अडचण होते.

वेळेबद्दल एक गोष्ट. आमंत्रणावर ‘११ ते ४’ असं काही लिहिलेलं असतं. मधे कधीही जायचं, जेवायचं, मंचावर जाऊन फोटो काढायचा आणि जागा मोकळी करायची. नवरा-नवरीचं आगमन आणि कोम्पांग डफ ऐकायचे असतील तर त्यांची वेळ मित्राला विचारून घ्या. दुपारी एकच्या आसपास ते येत असतात, पण ठरलेलं काही नाही.

आता संकुलाच्या उणिवा. अनेक दुकानांत कपडे घालून बघायला जागा नाही, असली तर पडद्याआडचा कोपरा. अंगावर पातळ टीशर्ट आणि लेगिंग घालून जा, म्हणजे झगा वरूनच घालून बघता येतो. मापांच्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवू नका, एका दुकानातलं ‘एल’ दुसऱ्यातलं ‘एम’ असतं. इंचटेप जवळ ठेवा. कापलेलं कापड परत घेत नाहीत आणि सवलतीतल्या तयार कपड्याची अदलाबदल बहुधा होत नाही. लहान दुकानांत रोख किंवा पेनाऊ, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, चालतं, क्रेडिट कार्डाचं गृहीत धरू नका. मुलांच्या मापांचे कपडे ईदच्या आधी भरपूर आणि एरवी तुटपुंजे असतात. बाबागाडी घेऊन गेलात तर ताग्यांच्या मधल्या वाटेत अडकाल.

शहरातला दुसरा कापडबाजार, अरब स्ट्रीट, की इथे, असा प्रश्न नेहमी येतो. अरब स्ट्रीटवर उंची रेशीम, लेस आणि बाटिकचे तागे जास्त चांगले आहेत, परिसरही देखणा. पण तिथे पर्यटकांची वर्दळ असते आणि भावही चढे. नवरीच्या मैत्रिणीच्या गटात असाल तर तिथे जा. पाहुण्याला जू चियात पुरतं. सीमेपलीकडे मलेशियातल्या जोहोर बाहरूला प्लाझा आंग्साना मॉलमध्ये बाजू कुरुंग स्वस्त मिळतात हे खरं, चार जणांच्या कुटुंबाला फरक जाणवेल इतके. मात्र परतताना जीएसटीचा नियम आठवा. मलेशियात ४८ तासांपेक्षा कमी राहून येणाऱ्यांना १०० डॉलरपर्यंतच्या खरेदीवर सूट असते, पण एम्प्लॉयमेंट पास, डिपेंडंट पास, स्टुडंट पास असलेल्यांना ती सूट मिळतच नाही. आपल्यापैकी बरेचजण याच पासांवर असतात. त्यांनी पावत्या जपून ठेवाव्यात, फोनवरून कर आधीच भरावा आणि मगच खरा वाचलेला पैसा मोजावा. एका जोडासाठी बसच्या रांगेत दोन-तीन तास घालवण्यात अर्थ नाही. चार जोड घ्यायचे असतील तर आहे.